खोडलेला काना

ही गोष्ट बायकोलाही माहीत नाही. माझं सगळं तिला माहीत आहे असं ती म्हणते — मी तिला तसं म्हणू देतो, इतकंच. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. मलाही धड कळलेलं नाही.

तसं पाहिलं तर गोष्ट केवढी? एका कान्याएवढी. 'घ'च्या पुढची एक उभी रेघ. पण थांबा, आधी मी कोण ते सांगतो — म्हणजे वेळ काढतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मी डोंबिवलीचा. आमच्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून सख्खे भाऊ अबोला धरतात. शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस दरवर्षी माझं ठरलेलं. नव्वदच्या आसपास ठाण्यातल्या एका खासगी सर्व्हे कंपनीत लागलो. खाडीपलीकडे नवं शहर वाढत होतं, तिथे कॉम्प्युटरच्या कंपन्या येणार असं जो तो सांगत होता, आणि तिकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या भरावाची मोजणी आमच्याकडे आली होती. पाणी कुठून वाहतं, मोरी कुठे ठेवायला हवी, हे गावकऱ्यांना विचारायचं, फील्डबुकात लिहायचं, खाली त्यांची सही घ्यायची — हे माझं काम. ऑफिसात नुकताच पहिला कॉम्प्युटर आला होता आणि माझा सगळा जीव त्यात अडकलेला. चिखल तुडवायची हौस कोणाला होती?

खाडीकाठच्या कोळीवाड्यातले हिराजीबाबा मला वाट दाखवायला यायचे. साठीचे, पुढचे दात गेलेले, पण गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायचा मान त्यांचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला जुन्या लाइनीखालची दगडी कमान दाखवली. ती लाइन टाकणाऱ्या गोऱ्या साहेबाने म्हणे त्यांच्या पणजोबाला विचारून पाण्याला वाट ठेवली होती. आता नव्या लाइनीसाठी आपल्याला विचारतायत, याचा त्यांना कोण अभिमान! दुसऱ्या दिवशी म्हणाले, खाजणाच्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीच्या, पलीकडच्या टोकाला चला, दाखवतो. गुडघाभर चिखल होता. मी म्हणालो, इथे ओट्यावरच बसून सांगा. त्यांनी सांगितलं, मी पेन्सिलीने लिहिलं — 'टोकाला उघाडी, पाच हात.' त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. वर मी लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले.' तेही खोटंच. पण ते लहान खोटं.

ऑफिसात इंग्रजी यादी करताना त्या शब्दापाशी अडलो. उघाडी? म्हटलं, गावंढळ बोलणं, दुसरं काय. म्हणायचं असेल 'उघडी'. कॉम्प्युटरात 'मोकळी जमीन' अशी नोंद केली आणि वर गालातल्या गालात हसलो. पाच हात मोकळी जमीन कोण कशाला सांगेल, एवढा साधा प्रश्न मला पडू नये?

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार. भरतीला पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. त्या दारामागच्या पाण्यावर अख्खा कोळीवाडा जगत होता — कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या. नकाशात दार नव्हतं, म्हणून मोरी आली नाही. मुरूम पडला, भराव उभा राहिला. वर्षभरात आतलं पाणी कुजलं आणि मासळी संपली.

मग एका दुपारी गाव ऑफिसात आलं. पुढे हिराजीबाबा. उघाडी सांगितली होती, ती बुजवली कशी, असं ते मोठ्या साहेबांना विचारत होते. तिथे उभ्या उभ्या मला त्या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा कळला. साहेब म्हणाले, फील्डबुक आण.

रेकॉर्डच्या खोलीत मी एकटा होतो. वही उघडली. माझ्याच सुवाच्य अक्षरात — उघाडी. आमच्या कामात खोडरबर चालत नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी खोडरबर घेतला. फक्त काना खोडला. फुंकर मारली. किती वेळ लागला असेल? तुम्ही हे वाक्य वाचलंत, तेवढाही नाही.

साहेबांनी मोठ्याने वाचलं, "उघडी." मग बाबांना सही दाखवली. ती त्यांचीच होती. मागून त्यांचा पुतण्या म्हणाला, "बाबा, तुमी ह्यांना उघडी सांगितलाव?" सगळे नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता हो त्या नजरेत — ते आठवायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, "माजीच जीभ चुकली आसंल, सायेब. दात कुटं हायेत?"

मी म्हणालो, "असेल."

पुढच्या पुनवेला नारळ पुतण्याने दिला. गावाच्या बैठकीत बाबांना कोणी विचारेनासं झालं. पोरं होड्या विकून कुठे कुठे कामाला लागली. माझं म्हणाल तर मला कॉम्प्युटर विभागात बढती मिळाली. नकाशे अचूक करणारा माणूस म्हणून माझं नाव झालं.

नवी गाडी सुरू झाल्यावर एकदा त्यांच्याकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो, खरंच. कोळीवाड्याच्या तोंडाशी रिक्षातून उतरलो तेव्हा वाक्य तयार होतं. बाबा ओट्यावर बसले होते, अगदी वाळलेले. मला ओळखलं आणि लगबगीने आत गेले. बाहेर आले ते कवळी बसवून. सून म्हणाली, जेवताना लावत नाहीत, टोचते म्हणतात. नुसती बोलायला केलीय. बाबा माझ्यासमोर बसले, ओठ पुसले आणि म्हणाले, "आता आयका सायेब." मग सावकाश, वर्गात उभं केलेल्या मुलासारखं बोलले — "उघाडी."

ओट्यावर त्या दिवशीही ते अगदी असंच बोलले होते.

"हां," मी म्हणालो, "आता बरोबर ऐकू आलं."

त्यांना फार बरं वाटलं. सुनेला त्यांनी चहा टाकायला सांगितला, आणि तो मी प्यालो.