नाकाशी धरलेलं बोट

आमच्या गल्लीतल्या बालवाडीत दुपारी मुलांना झोपू देत नसत. पुढे मी धुळ्याला शिकायला गेले तेव्हा हे वसतिगृहातल्या मुलींना सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "बालवाडी होती की पोलीस चौकी?" त्या मुलीशी मी नंतर वर्षभर धड बोलले नाही. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता आणि आता या वयात तो सुधारेल, अशी घरच्यांनीही आशा सोडली आहे.

पण तिला तरी काय माहीत असणार? ते सांगायचं तर जळगावजवळच्या आमच्या असोद्यापासून सुरुवात करायला हवी.

दिवाळी सरली की कापसाची वेचणी लागायची आणि आमची गल्ली ओस पडायची. बायका भाकरी बांधून उजाडताच शेतात जात. अंगावर पिणारं मूल बरोबर घ्यावंच लागे. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगायची, त्यात मूल निजवायचं आणि ओटी बांधून वेचायला लागायचं. मूल रडलं की वेचणी थांबते, म्हणून घरून निघतानाच त्याला अफूची गोळी चाटवत. मोहरीच्या दाण्याएवढी, दुधात विरघळवून. घरोघरी दिवळीत हळदकुंकवाच्या शेजारी तिची डबी असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावं, तितकं ते साधं होतं.

माझी धाकटी बहीण अशीच झोळीत झोपली आणि उठली नाही. मी तेव्हा पहिलीत होते. शाळा सुटून घरी आले तर ओट्यावर ही गर्दी. माय खांबाला टेकून बसली होती आणि पोर तिच्या मांडीवर होती. दुपारी ती पाजायला गेली तेव्हा पोर गाढ झोपलेली दिसली. झोपू दे बिचारीला, म्हणून माय परत वेचायला गेली. हे ती येईल त्याला सांगत होती. नंतर तिनं तेही सांगणं सोडलं. नुसती उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसायची, गोळी वळताना घासतात तशी. एकदाच म्हणाली, "गोयी मोठी झाली माह्या हातून."

गल्लीत तिला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर ती भांडली तरी असती.

शेजारच्या घरातली अक्का मात्र त्या दिवसापासून आमच्याकडे यायची बंद झाली. तिचा मुलगा माझ्या बहिणीच्याच वयाचा. दोघांच्या झोळ्या एकाच बाभळीला टांगलेल्या असत. त्या दिवशी ती मायपेक्षा जास्त रडली आणि मग आमचा उंबरा तिनं ओलांडला नाही. आपलं मूल राहिलं आणि हिचं गेलं, म्हणून तिला तोंड दाखवायला अवघड वाटत असेल, असं सगळे समजले. आम्हीही तसंच समजलो.

पुढच्या वर्षी वेचणी लागली तेव्हा माय शेतात गेली नाही. पाणवठ्यावर तिनं बायकांना सांगितलं, "लेकरं माह्याकडे ठेवा. लेकरू एकाच्याच हाती पाह्यजे. पन गोयी चाटवलेलं लेकरू मी घेनार नही." बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. जिचं स्वतःचं मूल असं गेलं, तिच्या हाती आपलं कसं द्यायचं? कुणी तोंडानं बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी आमचा ओटा रिकामाच होता. तिसऱ्या दिवशी अक्कानं आपला मुलगा पाठवला. स्वतः आली नाही, गल्लीतल्या एका बाईच्या कडेवर पाठवला. अक्कानं दिला म्हटल्यावर मग बाकीच्यांनी दिले.

त्यानंतर गल्लीनं हात आखडता घेतला नाही, हे मला मान्य केलंच पाहिजे. कुणी बांबू दिले, कुणी केळीची वाळलेली पानं आणून ओट्याला मांडव घातला. कुंभाराकडून चिकणमाती यायची. ज्या बायका वेचायला जात त्या आळीपाळीनं भाकऱ्या देत. अक्का रोज सकाळी दुधाचा तांब्या ओट्याच्या कडेला ठेवायची आणि पाठ फिरवून निघून जायची. माय तांब्या घासून संध्याकाळी तिथंच ठेवायची. दोघी एकमेकींशी बोलत नसत.

मायला शिकवणं वगैरे काही येत नव्हतं. तिला फक्त झोपेची भीती होती. मूल पेंगायला लागलं की ती हातातलं काम टाकून धावायची. ते जागं राहावं म्हणून ती काहीही करायची. मातीचे बैल करायला लावायची, सरकीचे ढीग मोजायला लावायची, केळीच्या सोपटाच्या होड्या हौदात सोडायची, ओव्या म्हणायची, त्या संपल्या की मनानं रचून म्हणायची. मी शाळेतून आले की विचारायची, "आज काय शिकवलं?" दुसऱ्या दिवशी तेच मुलांच्या पुढ्यात. एवढं करूनही एखादं झोपायचंच. मग माय त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. थोडा वेळ बसायची, उठायची, परत येऊन बोट धरायची. शेवटी तिला धीर निघायचा नाही आणि ती त्याला हलवून उठवायची. मूल भोकाड पसरायचं. ते रडायला लागलं की मायचा चेहरा सैल पडायचा. मला त्या रडण्याचा भारी वैताग यायचा.

ही मुलं शाळेत गेली तेव्हा त्यांना अंक येत होते, अर्धी अक्षरं येत होती. गुरुजींना नवल वाटलं. बातमी जळगावपर्यंत गेली आणि विकास योजनेतून गावाला सरकारी बालवाडी मिळाली. उद्घाटनाला गावच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना हार घातले. त्यांच्यातल्या एकानंही कधी कुणाचं नाक पुसलेलं मी पाहिलं नव्हतं. मायला मदतनीस नेमलं.

शिकवायला धुळ्याहून बाई आल्या. विशीतल्या, किडकिडीत, प्रशिक्षण घेऊन आलेल्या. वाईट नव्हत्या. मायला अहोजाहो करायच्या, गावात तसं कुणी करत नसे. पण त्यांच्या वेळापत्रकात जेवणानंतर मुलांची झोप होती, आणि ते बरोबरच होतं. मुलं रांगेनं सतरंजीवर झोपायची आणि माय एकेकाला उठवत सुटायची. बाईंनी समजावलं, विनवलं, एकदा रागावल्यासुद्धा. माय मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशातच पाहणीला मोठ्या बाई आल्या. त्यांच्यासमोर मायनं झोपलेलं मूल उठवलं, त्याच्या रडण्यानं सगळी रांग जागी झाली. मोठ्या बाई जाताना सांगून गेल्या की दुसरी मदतनीस बघा.

बाई ते सांगायला दिवेलागणीच्या आधी आमच्या घरी आल्या. त्यांना फार जड जात होतं. माय भिंतीला टेकून ऐकत होती. बाईंचं बोलणं संपल्यावर म्हणाली, "मले नोका काढू. झाडायले ठेवा, भांडे घासायले ठेवा. पन लेकरायच्या जवळ ठेवा." माझ्या मायला मी कुणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. मला बाईंचा राग आला, मायचाही आला.

तेवढ्यात दारात अक्का उभी राहिली. तिच्या ओट्यावर सगळं ऐकू जात असणार. इतक्या वर्षांनी तिनं आमचा उंबरा ओलांडला आणि मायकडे न बघता बाईंशी बोलली.

"बाई, हिले काढू नोका. हिची पोरगी झोपीत गेली, म्हनून ही लेकरायले झोपू देत नही. हिले वाटते, हिच्या गोयीनं गेली. हिच्या गोयीनं नही गेली. हिनं सकायी देली व्हती. ऊन चढलं तव्हा पोरगी झोयीत किरकिर करे, ही पार तिकडच्या बांधाले व्हती. मले वाटलं, हिनं आज देलीच नही. मी माह्या डबीतली देली. हिची वेचनी मोडू नही म्हनून देली."

अक्का आल्या पावली परत गेली. बाई डोळे पुसत गेल्या. माय चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागली. तव्यावरची करपून काळी झाली तरी तिनं ती उलटली नाही.

मोठ्या बाईंना आमच्या बाईंनी काय सांगितलं कोण जाणे, पण मायची जागा राहिली. बालवाडी सरकारी झाली तरी अक्काचा तांब्या रोज आमच्या ओट्यावर येत होता. माय त्याला हात लावत नव्हती. दूध मांजर प्यायचं, नाहीतर नासायचं. अक्का संध्याकाळी तांब्या घेऊन जायची आणि सकाळी भरून आणायची. मला ते बरंच वाटायचं. अक्काला मी मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो राग माझ्या मनातून पुरता गेला आहे असंही नाही.

मग एका सकाळी अक्का तांब्या ठेवून वळली तेव्हा माय दारात उभी होती. म्हणाली, "दोपारी बालवाडीत येत जाय. एकटीनं मले एवढे लेकरं पाह्यवत नहीत."

बाईंनी हरकत घेतली नाही. अट एकच, झोपलेल्याला उठवायचं नाही.

पुढे काही दिवसांनी शाळा लवकर सुटली म्हणून मी मायकडे बालवाडीत गेले. आत सामसूम होती. मुलं रांगेनं झोपली होती आणि रांगेच्या टोकाला, भिंतीशी, माय झोपली होती. तोंड किंचित उघडं, हात सतरंजीवर सैल पडलेला. बहीण गेल्यापासून मी मायला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. अक्का उकिडवी सरकत एकेका मुलाच्या नाकाशी बोट धरत चालली होती. शेवटचं मूल झालं. मग ती तशीच पुढे सरकली आणि तिनं मायच्या नाकाशी बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग पदराचा बोळा तोंडात कोंबून ती तिथंच बसून रडली, कुणी जागं होऊ नये म्हणून.