माग थांबला की आप्पा उठतात

"आप्पा, बटण नुसतं दाबून धरा. खुर्चीच उचलंल तुमास्नी. हिसका मारू नगा!"

"मी कुठं मारतोय? हीच म्हशीगत उठालीया, आधी मागनं!"

बटणाची खुर्ची दावणारा दुकानदार विक्रम हसला. मनुबाईला हसू आलं न्हाय. तिचं ध्यान वडगावातल्या घरात. तिथं दोन यंत्रमाग चालू, त्यांच्यावर लेक दिपाली एकटी. नवरा मच्छे गावातल्या कारखान्यात पाळीला. सासऱ्याची खुर्ची तिलाच निवडायची होती, तीबी दुपारच्या आत.

सासरे आण्णाप्पा, म्हणजे आप्पा, पन्नास वर्सं मागावर उभे राहिलेले. गुडघे गेले तसा माग सुनेच्या हातात आला, पण मागाशेजारची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी काय सोडली न्हाय. मागाच्या खडखडाटात त्यांना गाढ झोप लागायची. धागा तुटून माग थांबला, की झोपेतनंबी ताडकन उठायचे. मागच्या महिन्यात असेच उठले आणि कोसळले. मनुबाईनं मधल्यामध्ये झेललं. ते वाचले, हिची कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, अजून एकदा असं वजन झेललंस तर मागाला हात लावायचा न्हाय.

विक्रमनं गुळगुळीत रेक्झिनची खुर्ची पुढं केली. आप्पा रेलले, पाय वर आले, डोळे मिटले.

"सगळे हीच नेतात, आक्का."

"द्या" म्हणायला मनुबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. हितं आप्पा गप पडल्यात, कारण हितं माग न्हाय. अशा शांततेत कुठलीबी खुर्ची गुणाचीच!

तिनं दिपालीला फोन लावला. "दिपे, फोन मागाजवळ ठेव. पाच मिनटांनी दोन्ही माग बंद कर."

फोनमधनं दुकानात खडखडाट घुमला. आप्पा घोरायला लागले. खडखडाट थांबला, तसे पाय अधांतरी असतानाच ते पुढं झेपावले आणि रेक्झिनवरनं निम्मे खाली घसरले.

"धरा की!" मनुबाई विक्रमवर ओरडली. स्वतः जागची हलली न्हाय.

विक्रमनं बगलेत हात घालून त्यांना वर ओढलं.

"धागा तुटला काय गं?" आप्पांची नजर माग हुडकत होती.

"ती कोपऱ्यातली दावा."

"ती? बटणाचीच, पण जाड कापडाची, कडक हाय. पाय वर जात न्हाईत. कुणी घेत न्हाय, आक्का."

"दावा तर."

"आई, सारखा माग बंद करून कापड कधी पुरं हुयाचं?" फोनवर दिपाली करवादली.

"अजून एकदाच, गं."

पुन्हा खडखडाट, पुन्हा घोरणं, पुन्हा शांतता. आप्पा उसळले. पण पाय जमिनीवर होते, खरबरीत कापडानं बूड धरून ठेवलं आणि हात लाकडी दांड्यांवर घट्ट बसले. घसरले न्हाईत. मग शिव्या देत बटण दाबलं.

"लई सावकाश गं ही! तंवर चार धागे जोडून हुतील."

"मी जोडते की तंवर," मनुबाई म्हणाली. "हीच द्या."

दुसऱ्या दिवशी खुर्ची मागाशेजारी बसली. दहाच्या सुमाराला धागा तुटला. आप्पांनी बटण दाबलं. ते निम्मे उठेपर्यंत मनुबाईनं गाठ मारून, दांडी ढकलून माग चालूबी केला होता.

"झालं?"

"झालं, आप्पा. बसा."

"गाठ नीट मारलीस न्हवं?"

तिला ऐकायला कुठला वेळ! दुसऱ्या मागावरच्या कांडीवरचा धागा संपत आला होता.