परीक्षकांच्या चहाची किटली

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या ऑफिसात तो दरवर्षी यायचा. प्लग असलेली प्रत्येक वस्तू यंत्राला जोडून तपासायची आणि ठीक असेल तर हिरवं लेबल लावायचं, हे त्याचं काम. लेबलावरून अंगठा असा फिरवायचा, जणू बाळाला तीट लावतोय. रत्नागिरीकडचा, म्हणून मी त्याला आपला माणूस समजायचो.

त्या वर्षी त्याचं काम बघायला परीक्षक आले होते. त्याच्या कंपनीला मान्यता मिळाली नाही, तर त्याची नोकरी खलास. मदत म्हणून मी परीक्षकांच्या चहाला घरची विजेची किटली लावली. पाणी कोमट होतंय तोच त्याने ते ओतून टाकलं, किटली तपासली आणि लाल लेबल लावलं.

"अरे, साहेबांचा चहा!" मी कुजबुजलो.

"अर्थिंग तुटलंय. वहिनींना हिच्यामुळे झिणझिण्या येत नाहीत?"

"येतात. मी म्हटलं, वय झालं."

त्याने पक्कड काढली आणि सगळ्यांसमोर प्लगच कापला. परीक्षकांनी कोरडा घसा खाकरला, बराच वेळ लिहिलं आणि म्हणाले, "पास."

तो माझ्या कानाशी वाकला. "दादा, आता किटली द्या इकडे. नवी वायर घालतो. पण पहिला चहा वहिनींना तुम्ही करायचा."