वन्संचे लांबून काढलेले फोटो

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांचे चेहरे काढले. नोकरीच्या अर्जाला चिकटवायचे, निवृत्तीच्या दिवशी काढायचे, आणि म्हातारपणी ‘एक असू दे’ म्हणून काढून ठेवायचे. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका टोकाला पडदा आणि स्टुलावर गिऱ्हाईक, दुसऱ्या टोकाला हे, आणि डोळ्याला लावलेली ती जाडजूड लेन्स. तोंडाशी तिचा रंग उडाला होता, पण लांबचा चेहरा ती अलगद जवळ आणायची. “अगदी नाकाशी जाऊन उभं राहिलं की माणूस आक्रसतो,” हे म्हणायचे. “लांब उभं राहायचं आणि चौकट चेहऱ्यानं भरायची.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवीन. भाजीला पाठवलं तर पिशवी घरीच विसरणारा हा माणूस, पण चौकटीत कडेला बोटभर जागा रिकामी राहिली तर त्यांना घास गोड लागायचा नाही.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. ऐन तारुण्यात त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. डावी बाजू उतरली ती उतरलीच. ओठाचा कोपरा खाली, त्या बाजूचा डोळा पुरता मिटत नाही. नोकरी त्यांनी एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर केली. आवाज असा की पलीकडचा माणूस काम झालं तरी फोन ठेवायचा नाही. कुणी जास्तच लाडात आलं तर वन्सं म्हणायच्या, “आवाजावरच भागवा हो.” आम्हाला हे सांगताना स्वतःच खूप हसायच्या. मात्र कुठे फोटो निघायला लागला, की सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायचं काम त्यांच्याकडे. ते त्या आपणहून मागून घ्यायच्या.

ह्यांना मात्र परवानगी होती. दर वाढदिवसाला एक फोटो. सकाळी वन्सं आमच्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसायच्या. हे बाहेरच्या खोलीत कपाटाला पाठ लावून उभे राहायचे आणि मधल्या दारातून फोटो काढायचे. मी ओट्याशी उभी राहून तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, एवढंच माझं काम, आणि ते मला शिकवावं लागलं नाही. वन्सं बोलण्यात गुंगल्या की तिकडे हळूच खट् व्हायचं. मग हे सगळ्या फोटोंतून एकच निवडून, छापून त्यांच्या हातात द्यायचे. उजेड चांगल्या गालावर, दुसरा गाल मऊ सावलीत, डोळ्यांत हसू. वन्सं फोटो बराच वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, “बरी दिसते की रे मी.” तेवढं त्यांना वर्षभर पुरायचं. कधी कधी मला वाटायचं, ह्या बाईचा आरसा आमच्याकडे आहे.

पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि आमच्या स्टुलावर धूळ बसायला लागली. तेव्हा घरं विकणारा एक एजंट दुकानात आला. रिकाम्या घरांचे फोटो हवेत म्हणाला, काम भरपूर आहे, फक्त खोल्या मोठ्या दिसल्या पाहिजेत. लांबच्या लेन्सनं खोली कशी काढणार? भिंतीला पाठ लावली तरी चौकटीत नुसता पंखा यायचा. दुसरी लेन्स घ्यायची तर पहिली विकायला हवी होती.

मी एकदाच विचारलं, “आणि वन्संच्या फोटोचं काय?”

“फोटो लेन्स काढत नाही, मी काढतो,” हे म्हणाले. नवऱ्याच्या अशा वाक्यावर बायकोनं काय बोलायचं असतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मी सोबत गेले होते. दुकानदारानं बॅटरीच्या उजेडात लेन्स आरपार बघितली आणि म्हणाला, “बाहेरून खरचटलीय, पण काच निर्मळ ठेवलीत.” हे झाकण काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते. शेवटी त्यानंच ते हळूच ह्यांच्या हातातून घेतलं. मग त्यानं दोन रुंद लेन्स पुढे ठेवल्या. एक बेतानं रुंद, दुसरी अशी की दारात उभं राहून चारी भिंती कवेत घेईल. ह्यांनी दोन्ही लावून त्याच्या दुकानाचे फोटो काढले. दुसरीत ती खुराड्याएवढी जागा दिवाणखान्यासारखी दिसली. ह्यांचा चेहरा खुलला.

“हीच न्या, एजंट खूश होईल,” दुकानदार म्हणाला. “फक्त माणसांच्या जवळ जाऊ नका. नाकंबिकं फार मोठी येतात.”

“मला सांगता?” हे म्हणाले, आणि वाटभर फुरंगटून बसले.

काम खरंच वाढलं. हे दिवसभर रिकामी घरं काढायचे. एजंट शेजारीच उभा, प्रत्येक फोटो तिथल्या तिथे बघणार, म्हणून फोटो काढला की लगेच कॅमेरा त्याच्या हातात द्यायची सवय लागली. अशात वन्संचा वाढदिवस आला. हे उत्साहात होते. नव्या लेन्सनं अजून एकही माणूस काढला नव्हता, म्हणाले, श्रीगणेशा ताईपासून.

वन्सं खिडकीशी बसल्या. मी बोलायला सुरुवात केली. हे कपाटाशी उभे राहिले, कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि त्यात वन्सं दिसल्या चिमणीएवढ्या, भोवती सगळं स्वयंपाकघर. चौकट भरेना. म्हणून हे एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. मधलं दार ओलांडलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण डोळा चौकटीला लागला की ह्यांना जग दिसत नाही. सगळं ठाऊक असलेला हा माणूस जन्मभराच्या सवयीनं पुढे पुढे येत राहिला, आणि वन्संच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर आल्यावर त्यांची चौकट भरली. वन्सं बोलता बोलता थांबल्या. खट् झालं. आणि ह्यांनी एजंटाला द्यावा तसा कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

फोटोत नाक पुढे आलेलं. ओठाचा उतरलेला कोपरा सगळ्या चेहऱ्याला खाली ओढत होता. डावा डोळा सताड उघडा. मी वन्संच्या खांद्यावरून ते बघितलं.

“लेन्समुळे होतं तसं, ताई,” हे म्हणाले. “जवळून काढलं की चेहरा बिघडतो. तू अशी नाहीस दिसत.”

वन्संनी कॅमेरा जपून परत दिला. “लोक कुठे लांबून बघतात रे,” त्या म्हणाल्या. “जवळूनच बघतात.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जेवल्या, माझी चेष्टासुद्धा केली, आणि संध्याकाळी घरी गेल्या. त्या रात्री हे जेवले नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्याच दिवशी हे त्या दुकानदाराकडे धावले. लेन्स विकली गेली होती. नाटकांचे फोटो काढणाऱ्या एका डॉक्टरांनी ती घेतली होती. हे त्यांच्या दवाखान्यात रोग्यांच्या रांगेत बसून राहिले. डॉक्टर भला माणूस. त्यांनी लेन्स दिवसभरासाठी दिली, का हवी तेही विचारलं नाही. ह्यांनी वन्संना फोन केला. भावाला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून त्या आल्या.

पुन्हा खिडकी, पुन्हा मधलं दार, हे कपाटाला पाठ लावून. मी शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांवर बोलले. वन्सं हसल्याही. फक्त हसताना त्यांनी डावा तळवा गालावर ठेवला, ओठाचा कोपरा आणि अर्धा डोळा झाकेल असा, आणि तो तिथून हलेना.

“ताई, हात खाली घे ना,” हे बाहेरून म्हणाले.

“राहू दे. हातासकट काढ.”

हे थांबले. मला वाटलं, कॅमेरा खाली ठेवतील. पण बहीण वाट बघत बसली होती. खट् झालं. मग हे आत आले, ओट्यावर कॅमेरा ठेवला आणि बहिणीसमोर उभे राहिले. “चुकलं माझं, ताई.”

“तुझं कसलं चुकलं?” वन्सं म्हणाल्या. “बघू तरी, हात चांगला आलाय का.”

हात फार सुरेख आला होता.