न झालेल्या धुराचा खोकला

लाकडाच्या वखारीवर येणारी गिऱ्हाइकं मालकांना एकघावे म्हणत. कसलाही ओंडका असो, त्यांच्या कुऱ्हाडीला दुसरा घाव घालावा लागत नाही अशी ख्याती होती, आणि ती ख्याती मुख्यतः त्यांनी स्वतःच पसरवली होती. असा हा माणूस लाकडं फोडायच्या यंत्राला इंजिन डिझेलचं घ्यावं की पेट्रोलचं, यावर दोन वर्षं अडून बसला होता.

मेहुण्याचं गॅरेज. त्याचा कौल डिझेलला. "दाजी, पेट्रोल नुसतं पितं हो. डिझेल घ्या, नातवंडं चालवतील."

जावई शाळेत विज्ञान शिकवणारे. "मामा, पेट्रोलचं हलकं. दोरी ओढली की चालू. थंडीच्या सकाळी डिझेलची मनधरणी कोण करणार?"

एकघावे मेहुण्यासमोर डिझेलसाठी मान डोलवत, जावयासमोर पेट्रोलसाठी. दोघं एकदम आले तेव्हा ते चहा सांगायला म्हणून उठले आणि तासभर परतलेच नाहीत.

खरी गोम इंजिनात नव्हतीच. त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात कानाच्या वर जाईना. सरळ लाकडं ते कशीबशी फोडत आणि गाठीचे ओंडके गुपचूप मागच्या भिंतीशी रचून ठेवत. बायकोने विचारलं तर म्हणत, "वाळू दे अजून." ढीग खिडकीपर्यंत आला तरी ओंडके वाळतच होते. एकदा यंत्र दारात आलं की लोक का म्हणून विचारणार, आणि मग एकघावे कोण उरणार, ही धास्ती त्यांच्या पोटात होती. दोन वर्षं त्यांनी ती डिझेल-पेट्रोलच्या आड लपवली.

शेवटी बेकरीवाल्याने निर्वाणीचं सांगितलं. भट्टीला गाठीचीच लाकडं हवीत, धग धरून ठेवतात. सोमवारपर्यंत फोडून दिली नाहीत तर दुसरी वखार बघतो. बेकरी गेली तर वखारीला कुलूपच. बायकोने पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला. आज घेऊनच येऊ."

दुकानात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी उभी होती. एकघाव्यांनी डिझेलच्या पाठीवर थाप मारली. "हे खरं मर्दाचं इंजिन!"

"मग मारा की हँडल," दुकानदार म्हणाला. "तुमच्यासारख्याला काय अवघड!"

आता माघार कशी घेणार? दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती, त्यातलं एक ओळखीचं. एकघाव्यांनी हँडल धरलं, दात आवळले, जोर लावला. हँडल अर्ध्यात गेलं आणि परत आलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी खांद्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. ओळखीचं गिऱ्हाईक दोन पावलं पुढे सरकलं.

इतक्यात बायकोला जोराचा खोकला आला. पदर तोंडाला लावून ती खोकत राहिली, थांबेचना.

"राहू द्या ते डिझेल," ती म्हणाली. "मला धूर सोसत नाही."

"पण वहिनी, इंजिन चालू कुठं झालंय अजून?" दुकानदार म्हणाला.

"मला नुसत्या वासाने होतं," बायको म्हणाली. "पेट्रोलचं द्या."

तीस वर्षं ओल्या लाकडांवर बंब पेटवणारी बाई! जन्मात कधी खोकली नव्हती. एकघावे तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे हिला ठाऊक होतं. ढिगाचं, खांद्याचं, सगळंच. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी दोन वर्षांचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं.

"हिच्यासाठी पेट्रोल घ्यायचं म्हणजे..." त्यांनी दुकानदाराला ऐकवलं. "पण काय करणार? नाजूक प्रकृती!"

सोमवारी बेकरीची गाडी वेळेवर भरून गेली. यंत्राची दोरी बायको ओढते, एका झटक्यात. एकघावे डाव्या हाताने ओंडके पुढे सरकवतात. कुणी विचारलंच, "काय एकघावे, पेट्रोल का घेतलं?" तर ते सुस्कारा टाकतात. "आमचा जीव डिझेलवर हो. पण हिला धूर सोसत नाही ना."

आणि दोरी सोडून, कमरेला पदर खोचलेली बायको दोनदा खोकून दाखवते.