चढणीवरचे कडुलिंब आणि माझी बाज

आमच्या गावातून तापीवर उतरायची एक वाट आहे. उतरताना काही वाटत नाही. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन परत चढायला लागलं म्हणजे ती वाट काय आहे ते कळतं. उन्हाळ्यात गावातल्या विहिरी तळाला जातात, मग सगळ्या बायका नदीवर. चढण बोडकी. पायाखाली माती तव्यासारखी. अर्ध्यावर थोडी सपाट जागा आहे, तिथं हंडा टेकवून बायका दम खातात. दम कसला खातात, उभ्या उभ्या आणखी भाजून निघतात. आमच्या वाडवडिलांनी नदीकाठी देवळं बांधली, पण ह्या वाटेला एक झाड लावायची कुणाला बुद्धी झाली नाही. पाणी पुरुष भरत नव्हते ना.

माझी बायको त्याच सपाटीवर पडली. चैत्रातलं ऊन, घेरी आली, हंडा एकीकडे आणि ती एकीकडे. पायाचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड जुळलं पण वाकडं जुळलं. तेव्हापासून ती लंगडत चालायची आणि तेव्हापासून तिने एकच लावून धरलं, चढणीवर सावली पाहिजे. जेवताना तेच, निंदणी करताना तेच. मी म्हणायचो, सावली काय बाजारात मिळते का, गाडीत घालून आणतो.

ती कार्तिकात गेली. साधा ताप म्हणून निजली आणि उठली नाही. हे सगळं मी लिहितो आहे ते त्या चढणीमुळे. बाईची आठवण म्हणून लोक घाट बांधतात, आमच्याकडे कडुलिंब आहेत आणि माझ्या घरात सामान नाही. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे, तो सांगतो.

तिचा पाय मोडला त्याच सुमारास बोर्डाच्या शाळेत नाशिककडचे एक मास्तर आले. अजून तेच आहेत. त्यांची बदली होत नाही, वरती कुणाशी पटत नसावं. ते छापल्यासारखं मराठी बोलतात आणि पोरं आहिराणी. पहिलं वर्षभर दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळत होतं. एके दिवशी हे मास्तर माझ्या दारात.

"आबा, मुलांकडून नदीच्या वाटेवर झाडे लावून घेणार आहे. तुमच्या बांधावरच्या बाभळी छाटायला द्याल का? रोपांना काटेरी कुंपण करू."

मी म्हणालो, "गुरुजी, पाढे शिकवा. झाड लावायला शाळेत कशाला यायला पाहिजे? आमच्या बापजाद्यांनी कुठल्या शाळेत जाऊन शेती केली?" मी स्वतः तिसरीपर्यंत गेलो. माझ्या वेळचे मास्तर फोक घेऊन बसायचे आणि आम्ही फोक मोडून पळायचो. तेवढाच शाळेचा आणि झाडाचा संबंध.

आतून बायको बाहेर आली, लंगडत. "लई जा गुरुजी, लागतीन तितल्या. त्यास्नं बोलनं मनवर नका लेवा."

झालं. माझ्या बांधावरच्या बाभळी गेल्या.

आषाढात पोरांनी शेतात उगवलेली कडुलिंबाची रोपं मुळासकट आणली, खड्डे खणले, भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. मास्तरांनी प्रत्येक पोराला एकेक रोप नेमून दिलं. हे तुझं, हे तुझं. रोज एक गडू पाणी घालायचं. पोरांचे बाप माझ्याकडे कुरकुर करीत आले, कारण माझं घर शाळेजवळ. "आबा, पोरगं शाळेत घातलं ते काय माळीकाम शिकायला?" मी म्हणालो, मास्तरांना विचारा. ते म्हणाले, मास्तरांचं बोलणं कळत नाही. मग माझं काय कळतं तुम्हाला?

पण पोरं घालत होती पाणी, हे खोटं सांगणार नाही. आपलं रोप शेजाऱ्याच्या रोपापेक्षा उंच दिसलं की उड्या मारायची. हिवाळा निघाला. मास्तर खूश. मग फाल्गुन आला.

आमच्याकडे वरच्या गल्लीची होळी वेगळी आणि खालच्या गल्लीची वेगळी. कुणाचा जाळ उंच जातो ह्यावर वर्षभराची इज्जत. लाकूड चोरून आणायचं हा नेम. कुंपण, खुंटा, मोडका पाळणा, हाताला येईल ते. होळीला गेलेलं परत मागायचं नाही आणि कुणी चोरलं ते विचारायचं नाही. मास्तरांनाही हे माहीत होतं, नाशिककडेही होळी असतेच. पण त्यांना वाटलं, पोरं स्वतःच्या झाडाला कशी हात लावतील?

सकाळी चढणीवर एक काटी शिल्लक नव्हती. गावातल्या शेळ्या तिथं जत्रेला आल्यासारख्या. दुपारपर्यंत रोपांच्या जागी काड्या उरल्या.

मास्तरांनी पोरांना ओळीत उभं केलं. मी माझ्या बाभळींचा जाब विचारायला गेलो होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

"कुणी नेले काटे?"

पहिलं पोर म्हणालं, "गुरुजी, मी मन्हा झाडले हात नई लावा."

दुसरं तेच. तिसरं तेच. आणि एकही पोर खोटं बोलत नव्हतं. वरच्या गल्लीच्या पोरांनी खालच्या गल्लीच्या झाडांचे काटे नेले होते, खालच्यांनी वरच्यांचे. स्वतःच्या झाडाला कुणीही हात लावला नव्हता. उलट एक पोरगं दुसऱ्याच्या अंगावर धावलं, "मन्हा झाडना काटा तू लई गया ना रे, चोट्टा!" आणि त्याच्याच हाताला दुसऱ्याच्या झाडाच्या काट्यांचे ओरखडे होते.

मास्तर पायरीवर बसले. मी म्हणालो, "बसा. शिकवलंत ना, ज्याचं झाड त्याने सांभाळायचं? बरोबर शिकली पोरं."

बायकोला घरी येऊन सांगितलं तर ती आधी हसली आणि मग चुलीपाशी बसून रडली. तिच्या चढणीला परत ऊनच.

दुसऱ्या पावसाळ्यात मास्तरांनी नवा धडा काढला. झाड कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं. परत रोपं, परत माझ्याच बाभळी. ह्या वेळी काय झालं? कुणीच पाणी घातलं नाही. सगळ्यांचं म्हणजे माझं नाही, एवढं गणित पोरांना पाढ्यांशिवाय येतं. माघातच पानं माना टाकायला लागली.

मग आमची बाई उठली. दुपारी पोरं म्हशी धुवायला नदीवर जातात. ही त्या सपाटीवर हंडा टेकवून, वाकडा पाय पसरून बसायची, जकातीच्या नाक्यावर बसल्यासारखी. वर जायचं तर गडूभर पाणी रोपाला घालून जायचं. नाही घातलं तर पोराच्या आजीपासून सुरुवात करून सगळ्या घराण्याचा उद्धार. पोरं तिला मोठी माय म्हणायची आणि तिच्या तोंडाला पोलिसापेक्षा जास्त भ्यायची. एकाने म्हशीवर बसून निसटायचं पाहिलं तर म्हणाली, "म्हैस जाऊ दे, ती शानी शे. तू उतर." रोपं जगली.

पण होळी परत आलीच. मास्तरांनी शाळेत भाषण केलं, झाड म्हणजे काय आणि सावली म्हणजे काय. पोरांनी माना हलवल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, मी गाडीभर पऱ्हाट्या देतो, कपाशी उपटलेली आहेच. पोरांनी पऱ्हाट्या घेतल्या आणि तरी संध्याकाळी चढणीकडे चकरा मारायला लागली. मला राग आला. गाडीभर दिलं तरी ह्यांचं पोट भरत नाही!

बायको म्हणाली, "दिधेल लाकूड थंडं बळस. चोरेलच पाहिजे त्यास्ले."

"चोरलेलंच पाहिजे, तर मग काय करायचं?"

तिने आधी जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर म्हणाली, आज आत निजा, बाहेर गार आहे. फाल्गुनात कसलं गार? पण दिवसभर नांगराच्या मागे चाललेला माणूस वाद घालत नाही. आत घोंगडीवर पडलो आणि झोपलो.

सकाळी अंगणात माझी बाज नव्हती. शिसवीचे पाय, माझ्या हाताने विणलेली. वरच्या गल्लीच्या होळीत तिचा एक पाय अजून धुमसत होता.

मी दारात उभा राहून जे सुरू केलं ते इथं लिहिता येत नाही. लिहिण्यासारखं एवढंच, "मुडदाहो, मन्ही बाज जाळी! तुमना बाप काय आते जिमिनवर निजी का?" देवळामागे पोरं दडून बसली होती, ऐकायला. एकेका शिवीला आतून खुसखुस. आणि माझ्या पाठीमागे, दाराआड, आमची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. तेव्हा मला समजलं की बाज चोरीला गेली नाही, चोरायला ठेवली होती.

"तू ठेवलीस?"

"बोंबला, बोंबला," ती म्हणाली. "गंज चांगलं बोंबली ऱ्हायनात. पोरे खूश शेत."

चढणीवर गेलो. सगळ्या काट्या जागच्या जागी. बाज कोण पळवतो ह्यातच दोन्ही गल्ल्यांची रात्र गेली होती. आबाची बाज मिळाल्यावर बाभळीचा काटा कोण पाहतो? बाजेपेक्षाही माझ्या शिव्यांना जास्त मोल होतं. पुढे महिनाभर पोरं शाळेत माझी नक्कल करायची आणि मास्तर वहीत तोंड घालून हसायचे, ते मी खिडकीतून पाहिलंय.

पुढल्या वर्षी खालच्या गल्लीची पाळी. त्यांना जू दिलं. म्हणजे तिने दिलं, मला सकाळी कळलं. नंतर पेरणीची पाभर. नंतर शिडी. मग गाडीचं चाक, ते तर चांगलं होतं, फक्त एक आरा मोडला होता. दर वर्षी मी खरोखरच चिडायचो. लोकांना वाटतं मी सोंग करायचो. सोंग कसलं? सुताराला दाणे मला मोजावे लागायचे. लढाईच्या दिवसांत लाकूड मिळेना, घासलेट मिळेना, तरी ही बाई होळी आली की घरात काय मोडकं आहे ते शोधत फिरायची. मोडकं नसलं तर मोडायची. मी एकदा म्हणालो, एक दिवस मलाच बाहेर ठेवशील. ती म्हणाली, ओलं लाकूड कोण नेतं?

झाडं वाढली. शेळ्यांच्या तोंडाच्या वर गेली, मग माणसाच्या वर. आता त्या सपाटीवर बायका हंडा टेकवतात आणि खरंच बसतात. शेवटचे दोन उन्हाळे ती पण बसली. पण समाधान मानेल तर ती कसली? म्हणे, सावली खालीच आहे, खरी चढण तर वर आहे. गेल्या आषाढात मास्तरांच्या मागे लागून वरच्या तुकड्यात नवी रोपं लावून घेतली, नव्या पोरांकडून. त्यांचे काटे कुणाच्या बांधावरचे, ते सांगायला नको. आणि कार्तिकात निघून गेली. रोपं गुडघ्याएवढी.

यंदाची होळी आली. मी सुटं काय आहे ते पाहिलं. जुना लाकडी नांगर होता, फाळ काढून तो अंगणात ठेवला. पोरं आली, पाहिलं, आणि मान खाली घालून पुढे गेली. खालच्या गल्लीची पण तशीच. मला कळेना. मास्तरांना विचारलं.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "आबा, तुमच्या घरी दुःख आहे. मुलांनी आपणहून ठरवलं, यंदा तुम्हाला त्रास द्यायचा नाही."

मला असा संताप आला! इतकी वर्षं ह्या पोरांना शहाणं करायचं म्हणून आम्ही मेलो, तेव्हा झाली नाहीत. आणि आता नको तेव्हा शहाणी झाली! मी म्हणालो, "गुरुजी, मला त्रास देणार नाहीत, मग होळीत काय घालणार आहेत? तुमचं भाषण?" आम्ही दोघांनी चढणीकडे पाहिलं. दोन्ही गल्ल्यांची पोरं वरच्या तुकड्यापाशी उभी होती आणि काट्यांकडे बघत होती. शेळ्या पण उभ्या होत्या, जरा लांब.

मी घरी आलो. नांगर ओढत अंगणाच्या मधोमध आणला आणि दिवसाढवळ्याच सुरू झालो. अजून काही चोरलेलं नाही आणि मी शिव्या देतोय. "चोट्टाहो! मन्हा नांगरले हात लावशात तं तंगड्या तोडी टाकसू! तुम्हना भाऊस्नी मन्ही बाज जाळी, माले म्हाईत शे!"

पोरं धावत आली आणि जराशी लांब उभी राहिली. "आबा, आम्ही तं काईच नई करी ऱ्हायनूत!"

"कसाले नई करतस? मरी गयात का हात तुम्हना?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एका पोरीला हसू फुटलं. मी तिच्या आजीपासून सुरुवात केली. बाकीची पण हसायला लागली. मी तोंडावर हात मारून बोंब ठोकली, आत गेलो आणि दार लावून घेतलं.

सकाळी नांगर नव्हता. आधी चढणीवर गेलो. वरच्या तुकड्यातली एकेक काटी हलवून पाहिली, सगळ्या घट्ट. शेळ्या खालून बघत होत्या, त्यांना पण दोन शब्द ऐकवले. मग परत येऊन अंगणात उभा राहिलो आणि नांगराचा हिशोब सुरू केला. देवळामागून खुसखुस येत होती. बापजाद्यांचा नांगर, काही कमी बोललो नाही. मध्येच सवयीने दाराकडे वळलो. दार उघडं होतं, आड कुणी नव्हतं. मग देवळामागून एक पोर ओरडलं, "आबा, थांबी का गयात?" म्हणून पुढचं बोललो.

रोपं अजून गुडघ्याएवढीच आहेत. शेळ्यांच्या तोंडाच्या वर जायला आणखी होळ्या लागतील आणि माझ्या घरात आता काही सुटं उरलेलं नाही. एक ही बाज आहे, नवी म्हणतो पण तीही जुनी झाली. सुंभ ढिलं पडलंय, मधे झोळी होते, पाठ दुखते. शेजारी म्हणाला, आबा, आवळून देऊ का? मी म्हणालो, राहू दे.