नास्तिकाच्या हाती भैरोबाची किल्ली

देव मानणारा माणूस कधी न मानायला लागतो का, किंवा न मानणारा कधी हात जोडतो का, असा वाद निघाला की मी सांगते, आमच्या घरी या, दोन्ही नमुने एका छपराखाली नांदतात. मी भैरोबाला नमस्कार केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही. आणि आमचे हे, फौजेतून हवालदार होऊन आलेले, देवळावरून जाताना मानसुद्धा वळवत नाहीत. फौजेत दर रविवारी मंदिर परेड असायची. तिथं म्हणे ते ताठ उभे राहायचे आणि घरच्या उसाला पाण्याची पाळी कधी येईल याचा मनात हिशोब करायचे. हे सांगतानाही त्यांना लाज वाटत नाही.

मला मात्र वाटायची. हळदी-कुंकवाला गेलं की कुणीतरी विचारणारच, काय गं, तुझे मालक देवळात कधी दिसत नाहीत? शेवटी एका नागपंचमीला मी माझ्या लाल खणात नारळ गुंडाळला आणि भैरोबाच्या देवळात सुतळीनं तुळईला बांधला. नवस एवढाच, की ह्यांना बुद्धी दे, एकदा तरी तुझ्यापुढं हात जोडू देत, मग हाच नारळ फोडून साऱ्या गावाला शिरा वाढीन. घरात कुणाला बोलले नाही. नारळ लोंबत राहिला, वर्षं गेली, खणाचा रंग विटला, ह्यांच्यात काडीचा फरक नाही.

मग गावात ती भानगड झाली. गुरवाची पोरं पुण्याला कंपनीत लागल्यापासून भैरोबाची पूजा वरची आळी आणि खालची आळी पाळीपाळीनं करायची. यात्रेत पालखी उचलताना पहिला खांदा कुणाचा, यावरून दोघांची जुंपली. गचांड्या धरल्या, बोलणं तुटलं, आणि दोन्ही आळ्यांनी देवळाला आपापलं कुलूप घातलं. घराघरात चूल पेटतेय आणि देवापुढं दिवा नाही! पुढच्या चैत्रात पालखी निघत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

गावातले एक म्हातारे, ज्यांचा शब्द दोन्ही आळ्यांत अजून खाली पडत नाही, ते एका सकाळी आमच्या सोप्यात येऊन बसले. म्हणाले, वरच्याला किल्ली दिली तर खालचा पेटतोय, खालच्याला दिली तर वरचा. मग ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "तू ऱ्हातोस मळ्यात, कुण्या आळीचा न्हाईस. आन देवाकडं तुजं काय मागणंबी न्हाई. तवा किल्ली तूच धर गड्या."

मी आतूनच बोलले की ह्यांनी नुसतं दार उघडावं, पूजा मी करते. तर म्हातारे म्हणाले, बाई, तुझी धाकटी बहीण वरच्या आळीत दिलीय, तुझ्या हातची पूजा काय, तू आत गेलेलीही खालच्यांना चालायची नाही. घ्या! जन्मभर पूजा करणारी मी उंबऱ्याबाहेर, आणि गाभाऱ्यात कोण, तर आमचे हे! राग तर असा आला की चहात साखर घालायची विसरले. पण खरं सांगते, मनात उकळ्या फुटत होत्या. मला वाटलं, माझा नारळ फळाला आला. भैरोबानं माणूस बरोबर ओढून घेतला.

दोन्ही आळ्यांची कुलपं निघाली, एक नवं लागलं आणि त्याची किल्ली ह्यांनी घेतली. मग घरच्या देव्हाऱ्यापुढं बसवून मी त्यांना शिकवलं, शेंदूर तेलात कसा कालवायचा, वात किती पुढं ओढायची, नैवेद्याभोवती पाणी कसं फिरवायचं. एकदा सांगितलं ते पुन्हा सांगावं लागलं नाही. उजाडलं की अंघोळ करून निघायचे. बुटाला आरशासारखं पॉलिश करणारा हात तो, समईला लागला आणि समई झळकायला लागली. कधी ताप अंगावर काढून गेले, कधी रानातलं काम अर्धं टाकून गेले, पण भैरोबाचा दिवा एक दिवस चुकला नाही. दोन्ही आळीच्या बायका मला सांगायच्या, आमच्या पाळीत देव एवढा लख्ख कधी नव्हता. माझी मान ताठ व्हायची आणि लगेच खाली यायची. कारण सगळं झालं की हे पंच्याला हात पुसायचे आणि बाहेर यायचे. जोडायचे नाहीत.

सगळं गाव ह्यांच्यावर डोळा ठेवून होतं. आज जोडतोय का उद्या, असं चाललेलं. शेवटी म्हातारेच एकदा देवळाच्या पायरीवर म्हणाले, एवढं सगळं करतोस तर हात जोडायला तुझं काय जातंय? मी तिथंच उभी होते, जीव कानात आणून.

हे म्हणाले, "जात काय न्हाई आबा. पण मनात नसताना जोडल्यालं तुमच्या देवाला चालंल का?"

म्हातारे काठी उचलून घराकडं चालू लागले. रोज न चुकता नमस्कार करते मी, पण त्यातले किती मनातून आणि किती सवयीनं, हे मला त्या पायरीवर पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. ह्यांच्यावर चिडावं तर चिडताही येईना.

तेवढ्यात कुणीतरी ह्यांचा फोटो काढून मोबाईलवर फिरवला. हातात आरतीचं ताट, मागं भैरोबा. तो फिरत फिरत सांगलीला ह्यांच्या मित्रांकडं गेला. हे मित्र म्हणजे अंगारे-धुपारे करणाऱ्या बुवांची बिंगं फोडत गावोगाव हिंडणारे, आणि हे त्यांच्यातले जुने. दोघं मोटारसायकलवर आले. आमच्या सोप्यात बसून ह्यांना म्हणाले, लोक आम्हाला हसतात, तुमचा माणूस देवाला लागला म्हणतात. किल्ली परत करा, नाहीतर आमच्यात येऊ नका. मी चहा दिला, पण बशी दिली नाही.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मी किल्ली घेतलीया. शब्द दिलाय गावाला. देव तवाबी मानत नव्हतो, आताबी न्हाई. तुमाला पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या."

मित्र चहा अर्धा टाकून गेले. ह्यांनी दोन्ही कप उचलून मोरीत नेऊन ठेवले. तिशीपासूनची मैत्री होती ती, त्यांना लागलंच असणार. इकडं गाव हात जोड म्हणतंय, तिकडं मित्र हात काढ म्हणतात, आणि हा माणूस दोघांच्या मधे सरळ उभा. ऊर भरून आला माझा. नवस केलेली बाई मी, ह्यांनी देव मानत नाही म्हटल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

चैत्र आला. पहिल्या खांद्याचा घोळ तसाच. दोन्ही आळ्यांचे गडी पालखीला धरून उभे, कुणी उचलायला तयार नाही आणि कुणी सोडायलाही. मग हे पुढं झाले. दांडीच्या उजव्या अंगाला वरच्या आळीचा एक आणि डाव्या अंगाला खालच्या आळीचा एक उभा केला आणि म्हणाले, फौजेत स्ट्रेचर उचलतात तसं उचलायचं, एकदम, मी मोजतो. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पण वर्षभर त्यांनी एकदाही कुणाची बाजू घेतली नव्हती, आता नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

"एक... दोन..." ह्यांचा परेडवरचा खणखणीत आवाज. तिनाला अख्खं गाव ओरडलं, भैरोबाच्या नावानं चांगभलं! पालखी वर गेली. गुलाल उडाला. त्या गर्दीत एकच तोंड मिटलेलं होतं, आणि ते माझ्या नवऱ्याचं होतं. मी रडत होते. बहीण म्हणाली, बघ, भैरोबानं राखलं. मी म्हटलं, व्हय, आणि ह्यांनीपण.

यात्रा झाली, दोन्ही आळ्यांच्या पाळ्या पुन्हा ठरल्या, किल्ली परत गेली. दुसऱ्या दिवशी किती महिन्यांनी मी देवळात आत गेले आणि आधी वर बघितलं. नारळ होता. पण माझी सुतळी नव्हती. खण एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेला, आणि त्यावरून हिरव्या नायलॉनच्या दोरीचा घट्ट वेढा. आमच्या परसातल्या घेवड्याच्या मांडवाची दोरी ती. गाठ फौजेतली, आमच्या घरात ती दुसऱ्या कुणाला सुटत नाही.

संध्याकाळी जेवताना मी विचारलं. हे भाकरी मोडत म्हणाले, पहिल्या आठवड्यातच कळलं, खण ओळखीचा होता, आणि नवस कशाचा असेल ते काय सांगायला पाहिजे?

"मग बांधला कशाला परत?"

"पडला असता तर तुला वाईट वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन देवळात गेले आणि नारळ खाली काढा म्हटलं. तुळईपर्यंत चढून त्यांनी गाठ सोडली आणि नारळ माझ्या हातात दिला. पाणी आटून नुसता खुळखुळत होता. नवस फिटला का, त्यांनी विचारलं.

"न्हाई, मागं घेतला," मी म्हटलं. "हाय तसंच ऱ्हावा तुमी."

मग मी भैरोबाला हात जोडले, मनापासून. हे बाजूला हिरवी दोरी गुंडाळत उभे राहिले.